हेन्री मॉड्स्ले: शिडाच्या जहाजाची हजारावी कप्पी पहिलीसारखीच बनवणारा माणूस

चार्जर घेताना किंवा सायकलचा ब्रेक बदलताना आपण काय बघतो? फिनिशिंग, वजन, किंमत आणि रिव्ह्यू. पण हातातला एक पीस चांगला निघाला म्हणजे त्याच कारखान्यातला हजारावा पीसही चांगलाच असेल का? दोनशे वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजांवर हा प्रश्न जिवाशी खेळणारा होता. त्याचं उत्तर लोखंडात घडवून दाखवणाऱ्या हेन्री मॉड्स्लेची आज ओळख करून घेऊ.

आधी कप्पी समजून घ्या

शीड चढवायचं, उतरवायचं किंवा वळवायचं तर दोर ओढावा लागतो आणि तो दोर कप्प्यांमधून जातो. विहिरीवरची कप्पी आठवा, तत्त्व तेच. बाहेर लाकडी खोका, आत फिरणारं चाक, चाकाच्या मध्यभागी बुश आणि त्यातून आरपार गेलेली लोखंडी पिन. ७४ तोफांच्या युद्धनौकेला अशा हजाराच्या आसपास कप्प्या लागायच्या. आपल्या मुंबईच्या डॉकयार्डात वाडियांनी १८१० मध्ये बांधलेली ‘एचएमएस मिंडन’ याच वर्गातली होती.

पिन तिरकी बसली की चाक अडकतं. छिद्र सैल असेल तर चाक डुगडुगतं आणि दोर घासून कमजोर होतो. ऐन वादळात शीड उतरवताना असं झालं तर डोलकाठीवर चढलेल्या खलाशांचं काय होईल, विचार करा.

बाराव्या वर्षी कामाला

मॉड्स्लेचा जन्म १७७१ मध्ये इंग्लंडमधल्या वूलिचचा. वडील तिथल्या सरकारी शस्त्रागारात कामाला. बाराव्या वर्षी पोरगा तिथेच काडतुसं भरायला लागला. मग सुतारकाम, मग लोहारकाम. हात इतका साफ की १८ वर्षांचा असताना लंडनमधल्या जोसेफ ब्रामा या कुलपं बनवणाऱ्या उद्योजकाने त्याला बोलावून घेतलं. ब्रामाचं कुलूप हुशारीने डिझाइन केलेलं होतं, पण त्यातले बारीक भाग हाताने बनवणं फार खर्चिक होतं. मॉड्स्लेने त्यासाठी खास यंत्रं तयार केली.

१७९७ मध्ये त्याचा आठवड्याचा पगार होता ३० शिलिंग. घरी बायको-मुलं. त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं. आमच्या आयटीच्या भाषेत, अप्रेझल फिसकटलं आणि पठ्ठ्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

हातातली पटाशी मशीनच्या हातात

तेव्हा स्क्रूचे आटे पाडायचे तर कारागीर बहुतेक वेळा हत्यार हातात धरायचा. मनगट जरा हललं की आटे बिघडले. प्रत्येक नट त्याच्याच बोल्टला बसायचा, दुसऱ्याला नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायला मला दोन दिवस लागले होते, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं कळतं.

मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास जो लेथ उभा केला, त्यात हत्यार सरकत्या धारकात घट्ट बसवलेलं होतं. एक लांब मास्टर स्क्रू त्या धारकाला ठरावीक वेगाने पुढे न्यायचा. गिअर बदलले की आट्यांमधलं अंतर बदलायचं. यातल्या सुट्या कल्पना त्याच्याआधीही काहींनी वापरल्या होत्या. त्याने त्या एकत्र आणून सगळ्याचं भक्कम, अचूक, धातूचं मशीन केलं.

पोर्ट्‌समथची ऑर्डर

याच काळात मार्क ब्रुनेल हा फ्रान्समधून आलेला इंजिनिअर कप्प्या बनवणाऱ्या यंत्रांची डिझाइनं घेऊन फिरत होता. ब्रिटिश नौदलाला वर्षाला सुमारे एक लाख कप्प्या लागत होत्या. नौदलाने योजना मंजूर केली आणि यंत्रं बनवायचं काम मॉड्स्लेकडे आलं. त्याने पोर्ट्‌समथच्या गोदीसाठी सुमारे ४५ यंत्रं बनवली. प्रत्येक यंत्राला एकच काम: एक लाकूड कापणार, एक भोक पाडणार, एक खाच करणार, एक चाकात बुशची जागा कोरणार. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार व्हायला लागल्या.

११० कारागिरांचं काम आता १० साधे कामगार करत होते. म्हणजे १०० कुशल हातांची गरज संपली. रोज एआयच्या बातम्या वाचणाऱ्या मला हा आकडा नुसता कौतुकाने वाचता येत नाही. पण डोलकाठीवरच्या खलाशाच्या बाजूने बघितलं तर त्याला प्रत्येक कप्पी शेजारच्या कप्पीसारखीच मिळत होती. यातली काही यंत्रं विसाव्या शतकातही चालू होती.

क्वालिटी ठरवायची कशी?

मला मॉड्स्लेचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते मोजमापाचं. त्याच्याकडे एक बेंच मायक्रोमीटर होता, इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत फरक दाखवणारा. त्याचं टोपणनाव ‘लॉर्ड चान्सलर’, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश. वाद झाला की निकाल तोच देणार.

कारागिरांजवळ अगदी सपाट लोखंडी प्लेटही असायच्या. बनवलेला भाग प्लेटवर टेकवला की उंचवटे लगेच समजायचे. पण प्लेटच सपाट आहे हे कशावरून? दोन प्लेट एकमेकींवर नीट बसल्या, तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. तीन प्लेट घेऊन आलटून पालटून जुळवल्या आणि प्रत्येक जोडी नीट बसली, तरच तिन्ही सपाट. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्येही हीच भानगड असते. कोड आणि टेस्ट एकाच माणसाने एकाच गैरसमजातून लिहिले तर दोन्ही छान जुळतात आणि दोन्ही चुकलेले असतात.

१८३१ मध्ये फ्रान्सहून परतताना सर्दी होऊन मॉड्स्ले आजारी पडला आणि गेला. वूलिचमध्ये त्याला ओतीव लोखंडाच्या थडग्यात पुरलं, त्याचं डिझाइनही त्याचंच. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं स्टँडर्ड सुचवलं. आज एका दुकानातला नट दुसऱ्या दुकानातल्या बोल्टला बसतो, त्याची वाट इथून सुरू होते.

मग आपण काय बघायचं?

आज शिडाच्या बोटीसाठी कप्पी घ्यायची असेल तर चकाकीवर जाऊ नका. एकाच मॉडेलचे दोन-तीन पीस मागा. चाक बोटाने फिरवा, डुगडुगतंय का ते बघा. पिन आणि छिद्रात फट आहे का तपासा. चाक आणि बाजूच्या पत्र्यात दोर शिरेल एवढी जागा नको. नेहमीचा भार किती आणि तुटण्याचा भार किती, हे दोन्ही आकडे कंपनीने दिलेत का, ते वाचा. आकडे नसतील तर त्या कप्पीवर स्वतःचं वजन टाकू नका.

हीच तपासणी चार्जरला, हेल्मेटला, कड्याकपारीवर चढायच्या हुकलाही लागू पडते. बनवणाऱ्याने काय मोजलंय, ते आधी विचारा.