हिंगोलीच्या बाजारातला व्यापारी निघाला ठग! कर्नल मेडोज टेलर यांची कहाणी

वाशिमहून हिंगोली म्हणजे तासा-दीड तासाचा रस्ता. दोनशे वर्षांपूर्वी तिथे निजामाच्या फौजेची छावणी होती. वाशिमही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी राहायचा. प्रतिष्ठित माणूस. फौजेतले अधिकारी मेडोज टेलर यांचाही त्याच्याशी व्यवहार होता.

टेलर यांचा जन्म 1808 चा, इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून मुंबईला आले. ते काही जमलं नाही. 1824 मध्ये निजामाच्या फौजेत लागले. पुढे पोलिसाचं काम मिळालं, तेव्हा रस्त्याकडेला गळा आवळलेली प्रेतं सापडत होती. टेलर यांना संशय आला, तपास सुरू केला, तेवढ्यात पलटणीत परत जायचा हुकूम झाला. तपास तिथेच थांबला.

ठगांचं काम दांडगाईचं नव्हतंच. व्यापारी, शिपाई, यात्रेकरू बनून ते वाटसरूंना गाठत. सोबत चालत, सोबत जेवत. एकट्याने जाणं धोक्याचं आहे असं तेच सांगत! भरवसा बसला की ठरलेल्या जागी रुमालाने गळा आवळायचा आणि प्रेत पुरायचं. मेलेला परमुलखातला, त्यामुळे शोधायला लवकर कोणी येत नसे. लुटीतला वाटा घेऊन गप्प बसणारे जमीनदारही होतेच.

हरीसिंगने तर कमाल केली. मुंबईहून कापड आणायचा परवाना त्याने छावणीतून रीतसर काढला. माल दुसऱ्याचा आहे आणि वाटेत आहे, हे त्याला ठाऊक होतं. मालासोबतचा मालक, नोकर, गुरं हाकणारे सगळे मारले आणि तेच कापड छावणीत उघड विकलं. नंतर माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या. मुख्य पहाऱ्यापासून शंभर वारांच्या आत खून झाले होते. प्रेतं निघाली तेव्हा टेलर समोर उभे होते.

ठगांची पाळंमुळं शोधली ती जबलपूरकडच्या स्लीमन साहेबांनी. पकडलेल्यांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे, ताडून पाहायचे, मग जमीन खणायची. टोळ्यांच्या वंशावळीही त्यांनी लिहून काढल्या. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावरच जन्मठेप झाली. यात खोट होती. माफी मिळालेल्याच्या शब्दावर किती विसंबायचं, यावर इतिहासकार आजही भांडतात. हाच विचार पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात गेला आणि पारधी, कैकाडी यांच्यावर जन्मानेच शिक्का बसला. तो कायद्याने पुसायला 1952 उजाडलं.

टेलर यांनीही ठगांचे जबाब लिहून घेतले होते. त्यातून 1839 मध्ये त्यांची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली. राणी व्हिक्टोरियाने छापखान्यातूनच पानं मागवली म्हणतात.

नंतर ते नळदुर्गला होते. 1857 च्या धामधुमीत त्यांना आपल्या शेजारच्या बुलढाण्याला पाठवलं. 1860 मध्ये निवृत्त झाले. शेवटी नजर गेली. 1876 मध्ये हिंदुस्थानातून परतताना फ्रान्समध्ये वारले. आत्मचरित्र पुढच्या वर्षी छापलं गेलं. पोलिसातून तेव्हा हलवलं नसतं तर ठगी आपणच आधी उघड केली असती, ही खंत त्यात आहे.