नोटेवरची सही

विद्यार्थी मित्रांनो, जुनी नाणी आणि नोटा जमवण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल. असा छंद लागला की पहिला प्रश्न पडतो : हे नाणे कोणत्या काळातले ? त्याचे उत्तर बहुधा नाण्यावरच असते. चीनच्या जुन्या तांब्या-पितळेच्या नाण्यांना मध्ये चौकोनी भोक असते आणि त्याभोवती चार अक्षरे असतात. बहुतेक नाण्यांवर ती आधी वरचे, मग खालचे, मग उजवे आणि शेवटी डावे अशी वाचतात. पहिल्या दोन अक्षरांवरून बहुधा बादशहाच्या कारकिर्दीचे नाव कळते. मोगल नाण्यांवर फारसी लिपीत बादशहाचे नाव आणि हिजरी सन असतो. उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला ती अक्षरे थोड्या सरावाने ओळखता येतील.

कागदी नोटेचा काळ ओळखण्यासाठी मात्र सही पाहावी लागते. दोन रुपये आणि त्यावरच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. एक रुपयाच्या नोटेवर अर्थखात्याच्या सचिवांची सही असते. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याचे चित्र असलेली दहा रुपयांची एखादी जुनी नोट तुम्हांला मिळाली, तर तिच्यावरची सही नीट वाचा. सही टेलर यांची असेल, तर ती नोट १९३८ ते १९४३ या काळातली समजावी. सही सी. डी. देशमुख अशी असेल, तर ती त्यानंतरची. हे देशमुख म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर होत.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. त्या वेळी या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. त्यांचे वडील द्वारकानाथ हे वकील होते. चिंतामणरावांचे बालपण रोह्यात, कुंडलिका नदीच्या काठी गेले. पेणहून रेल्वेने निघालात, तर नागोठण्यानंतर हे रोहे लागते. आज ते मोठे स्थानक आहे. तेव्हा मात्र ते एक लहानसे गाव होते. त्या गावातला हा मुलगा १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने मिळवली.

पुढे ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. भारतात परतल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी अनेक वर्षे सरकारी अधिकारी म्हणून काम केले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. देश अजून पारतंत्र्यात होता, पण देशाच्या नोटेवर आता एका भारतीयाची सही आली !

१९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्थांचा पाया तेथे घातला गेला. त्या परिषदेत भारताच्या वतीने चिंतामणराव होते. नंतर १९४७ साली फाळणी झाली. पाकिस्तानची स्वतःची बँक लगेच उभी राहणे शक्य नव्हते. म्हणून ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांच्या चलनाचे काम रिझर्व्ह बँकेनेच पाहिले. भारतीय नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. त्यांपैकी काही नोटांवर चिंतामणरावांचीच सही आहे. देश दोन झाले, तरी लोकांचे व्यवहार थांबून चालत नाही. बाजारात धान्य घ्यायचे असते, मजुराला मजुरी द्यायची असते. त्या कठीण दिवसांत सामान्य माणसाच्या हातातल्या नोटेवरचा विश्वास टिकवणे हे मोठे जबाबदारीचे काम होते.

१९४९ साली ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले आणि १९५० साली भारताचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्यानेच त्यांना लोकसभेवर निवडून दिले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच काळात. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच काळात झाले.

पण त्यांची खरी परीक्षा १९५६ साली झाली. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. चिंतामणरावांना हा निर्णय अन्यायाचा वाटला. गप्प राहिले असते, तर त्यांचे पद टिकले असते. परंतु जे मनाला पटत नाही, त्यावर आपले नाव लावायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

पद गेले, पण काम थांबले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी शिक्षणाची सेवा केली. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हिशेबाच्या आकड्यांत आयुष्य घालवलेल्या या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्यानुवादही केला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई याही थोर समाजसेविका होत्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

मित्रांनो, नोट जुनी होते, फाटते, एक दिवस चलनातूनही जाते. तिच्यावरच्या सहीवरून आपल्याला तिचा काळ कळतो. चिंतामणरावांची एक सही मात्र कोणत्याही नोटेवर नाही, ती त्यांच्या राजीनाम्यावर आहे. तुम्हीही उद्या अर्जावर, करारावर, पावतीवर सही कराल. ती करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचा आणि तो मनाला पटतो का, हेही स्वतःला विचारा.