श्रीचक्रपाणी प्रभूंची मातापूरयात्रा

पंचकृष्ण अवतारांमध्ये द्वारावतीकार श्रीचक्रपाणी प्रभूंचे चरित्र विस्ताराने लहान, परंतु आशयाने फार खोल आहे. फलटण येथे कऱ्हाडे ब्राह्मण कुळात त्यांनी अवतार धारण केला. पिता जनकनायक, माता जनकाइसा. पुढे कमळाइसांशी विवाह झाला. परंतु प्रपंचाविषयी उदासता स्वीकारून, घरदार मागे टाकून प्रभू यात्रेकरूंसमवेत मातापुरास निघाले.

मातापूर म्हणजे नांदेड जिल्ह्यातील माहूर. तेथील पर्वतास पंथीय ग्रंथांत सह्याद्री म्हटले आहे, आणि देवदेवेश्वर हे श्रीदत्तात्रेय प्रभूंचे निद्रास्थान होय. फलटणहून हे अंतर सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांहून अधिक भरते. ते पायी आक्रमून प्रभू त्या डोंगरावर आले. तेथे श्रीदत्तात्रेय प्रभूंनी व्याघ्राचा वेष घेतला आणि त्यांच्या मस्तकी पंजाचा चपेटा दिला. त्या स्पर्शाबरोबर श्रीचक्रपाणींनी ज्ञानशक्ती स्वीकारली. ज्या रूपापुढे जीव भयाने पळेल, त्याच रूपाने कृपा आली, हे या लीळेचे मर्म आहे.

यापुढील भाग अधिक विचारणीय आहे. शक्तिस्वीकारानंतर प्रभूंनी त्या पर्वतावर मठ उभारला नाही, की शिष्यांचा मेळा जमविला नाही. ते द्वारकेस गेले. एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती सूप घेऊन ते तेथील रस्ते झाडीत आणि केर सुपात भरून गोमतीत टाकीत. ज्याच्या मस्तकी तो सूप वा खराटा लागे, त्यास विद्या प्राप्त होई. अशा बावन्न पुरुषांना त्यांनी विद्यादान केले, असे परंपरा सांगते. रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंनीही द्वारकेसच त्यांच्यापासून शक्ती स्वीकारली.

पुढे कामाख्येच्या आग्रहाचे निमित्त होऊन प्रभूंनी देह ठेवला आणि भडोच येथील प्रधानपुत्र हरिपाळदेवांचे निष्प्राण शरीर स्वीकारले. तेच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी. स्वामींच्या परिभ्रमणात खानदेशही आला. भडगाव तालुक्यातील कनाशी आणि चाळीसगावजवळील वाघळी ही त्यांच्या चरणस्पर्शाने वंद्य झालेली स्थाने आहेत.

जळगाव-धुळे भागातील वासनिक मंडळी आजही श्रद्धेने माहूरची वाट धरतात. मोटारीने चढ सोपा झाला आहे. त्यात वावगे काही नाही. मात्र केवळ शिखर गाठले म्हणजे यात्रा सफल झाली, हा समज या चरित्रापुढे टिकत नाही. पर्वत स्वतः ईश्वर नव्हे. अवताराच्या संबंधाने ते स्थान नमस्कारणीय झाले आहे, आणि संबंध आठवल्यावाचून केलेला नमस्कार दगडापाशीच थांबतो. उलट, वार्धक्याने वा व्याधीने ज्यांचे पाय चालत नाहीत, त्या वासनिकांनी कनाशीच्या ओट्यापाशी बसून ही लीळा स्मरली, तर त्यांच्या पदरी काही उणे पडत नाही.

श्रीचक्रपाणी डोंगरावर यात्रेकरू म्हणून चढले आणि खाली येऊन झाडूवाल्याचे काम केले. माहूरहून परतणाऱ्याने घरी आल्यावर हातात काय घेतले, यावरून त्याची यात्रा ओळखावी.