संसारातून संसदेकडे : डेम एनिड लायन्स

घर सांभाळणाऱ्या बाईला राजकारणातले काय कळते, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळ जणींनी कधी ना कधी ऐकला असेल. ऑस्ट्रेलियातील बारा मुलांच्या एका आईने आपल्या आयुष्यानेच त्याला उत्तर दिले. तिचे नाव एनिड लायन्स. जुने सारे मोडून टाकावे, अशा मताच्या त्या नव्हत्या. घर हेच स्त्रीचे पहिले कार्यक्षेत्र असे त्या मानीत आणि परंपरेला धरून चालणाऱ्या पक्षात त्या काम करीत. म्हणूनच त्यांचे चरित्र आम्हा गृहिणींना अधिक जवळचे वाटेल.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. तेथील स्मिथटन गावी ९ जुलै १८९७ रोजी एनिड बर्नेल यांचा जन्म झाला. वडील लाकूड कापण्याचे काम करीत. परिस्थिती बेताचीच होती. आई एलायझा मात्र जिद्दीची बाई. मजूर पक्षाच्या कामात ती हिरिरीने भाग घेई आणि मुलींनी शिकावे असा तिचा ध्यास होता. एनिड शिक्षिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. आईच्या ओळखीतूनच त्यांची जोसेफ लायन्स या तरुण पुढाऱ्याशी गाठ पडली. २८ एप्रिल १९१५ रोजी दोघांचे लग्न झाले. वधू सतरा वर्षांची, तर वर पस्तीस वर्षांचे आणि टास्मानियाच्या सरकारातले मंत्री! लग्नासाठी एनिड यांनी मेथडिस्ट पंथ सोडून कॅथॉलिक पंथ स्वीकारला.

डेव्हनपोर्ट येथे ‘होम हिल’ नावाचे घर बांधून त्यांनी संसार थाटला. मुले होत गेली. एक तान्हेपणीच गेले, अकरा वाढली. प्रकृतीची साथ नव्हती, पण सभांतून बोलण्याची हौस आणि हातोटी दोन्ही होती. १९२५ साली मजूर पक्षातर्फे त्या टास्मानियाच्या विधानसभेसाठी उभ्या राहिल्या आणि अगदी थोडक्यात हरल्या. त्याच निवडणुकीत त्यांच्या आईही उमेदवार होत्या.

जोसेफ लायन्स १९२३ ते १९२८ टास्मानियाचे मुख्यमंत्री होते. १९२९ मध्ये ते संघराज्याच्या संसदेत गेले. त्या वेळी जगभर मंदी पसरली होती, लाखो हात रिकामे होते. सरकारने कर्ज आणि खर्च यांचा मेळ कसा घालावा, यावरून मजूर पक्षात तट पडले. खर्चाला आवर घातलाच पाहिजे, असे लायन्स यांचे मत. १९३१ साली त्यांनी पक्ष सोडला आणि युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्षाचे ते नेते झाले. ज्या पक्षात आईने वाढवले, तो सोडणे एनिड यांना सोपे गेले नसेल. पण त्या पतीबरोबर उभ्या राहिल्या. जानेवारी १९३२ मध्ये लायन्स पंतप्रधान झाले आणि पुढे सलग दोन निवडणुका त्यांनी जिंकल्या. एनिड सभा घेत, आकाशवाणीवर बोलत. १९३७ साली त्यांना ‘डेम’ हा बहुमानाचा किताब मिळाला.

७ एप्रिल १९३९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, जोसेफ लायन्स पंतप्रधानपदावर असतानाच वारले. एनिड तेव्हा अवघ्या एकेचाळीस वर्षांच्या. दुःखाने आणि आजाराने खचून त्या होम हिलला परतल्या. पतीचे सहकारी रॉबर्ट मेंझीज यांनी शेवटच्या दिवसांत पतीला साथ दिली नाही, हा सल त्यांच्या मनात बराच काळ राहिला.

तरीही चार वर्षांनी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मतदारसंघाचे नाव डार्विन. पण हे उत्तरेकडचे डार्विन शहर नव्हे, टास्मानियाचाच वायव्य भाग. ऑगस्ट १९४३ च्या त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा देशभर धुव्वा उडाला, त्या मात्र थोड्या मतांनी निवडून आल्या. ऑस्ट्रेलियातील स्त्रियांना मताचा आणि उमेदवारीचा हक्क १९०२ सालीच मिळाला होता, अर्थात तेथील आदिवासी स्त्रियांना वगळून. पण संसदेत पहिली स्त्री पोहोचायला एकेचाळीस वर्षे लागली. त्याच निवडणुकीत मजूर पक्षाच्या डोरोथी टँगनी सेनेटवर गेल्या. कनिष्ठ सभागृहातील पहिली स्त्री म्हणजे डेम एनिड.

पहिल्याच भाषणात त्यांनी सभागृहाला हसवले. नवी केरसुणी फार जोराने फिरेल अशी पुरुष सभासदांना धास्ती असेल. पण केरसुणीच्या बाबतीत आपण अनुभवी आहोत, काळजी नसावी, अशा आशयाचे त्या बोलल्या. मग मुद्द्यावर आल्या. सरकारचा प्रत्येक निर्णय शेवटी कोणाच्या तरी घरात जाऊन पोहोचतो. म्हणून घर चालवणाऱ्या व्यक्तीचा अनुभव संसदेत हवा, हे त्यांचे सूत्र होते.

त्यांचा सर्वांत मोठा आग्रह होता तो मुलांच्या भत्त्याचा. १९४१ पासून सरकार सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग देत असे, पण पहिले मूल वगळून. नवऱ्याच्या किमान वेतनात एका मुलाचा खर्च धरलेलाच आहे, असे कारण सांगितले जाई. पहिल्या मुलाबरोबरच घरचा खर्च कसा वाढतो, हे आईला सांगावे लागत नाही. शिवाय हा भत्ता साधारणपणे आईच्या हाती पडे. एनिड यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि १९५० साली पहिल्या मुलालाही भत्ता लागू झाला.

डिसेंबर १९४९ मध्ये मेंझीज पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात एनिड यांना जागा मिळाली. मनातला सल बाजूला ठेवून त्यांनी ती स्वीकारली. संघराज्याच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री. पद होते कार्यकारी परिषदेच्या उपाध्यक्षाचे. मान मोठा, पण हाती एकही खाते नाही. आपल्याला बहुधा चहा ओतण्यासाठी घेतले असावे, अशी थट्टा त्यांनी पुढे केली. थट्टेतला टोला कोणालाही कळण्याजोगा आहे. प्रकृतीमुळे १९५१ साली त्यांनी राजकारण सोडले. त्यानंतर १९६६ पर्यंत त्या सभागृहात एकही स्त्री निवडून आली नाही.

पुढे त्या वृत्तपत्रांत लिहीत राहिल्या, अकरा वर्षे ऑस्ट्रेलियन नभोवाणी आयोगाच्या सदस्य होत्या आणि आत्मचरित्रपर पुस्तकेही त्यांनी लिहिली. २ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. डेव्हनपोर्टला पतीशेजारी त्या विसावल्या आहेत. होम हिल आता लोकांना पाहण्यासाठी जतन करून ठेवले आहे.

त्यांची सारी मते आपल्याला पटतीलच असे नाही. स्त्रीची जागा घरात असे म्हणत त्या स्वतः संसदेत गेल्या, ही विसंगती कोणी दाखवली तर ती खोटी म्हणता येणार नाही. पण घरातले काम म्हणजे काहीच नाही, असे त्यांनी कधी मानले नाही आणि इतरांना मानू दिले नाही. वाणसामानाची यादी करणारी, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागणारी बाई देशाच्या कारभाराविषयी अधिकाराने बोलू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. मंडळाच्या सभेत बोलायला उठताना ज्या भगिनींचा पाय अजून अडखळतो, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.