मोने आणि त्याचा मोतीबिंदू

'इंप्रेशनिझम' हा शब्द आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच येत नाही. पण क्लॉद मोनेची कमळं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. कॅलेंडरवर, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, नाहीतर कॉम्प्युटरच्या वॉलपेपरवर. या चित्रकाराचं चरित्र मी वाचायला घेतलं ते रंगांसाठी, पण अडकलो ते त्याच्या डोळ्यांपाशी. म्हणून हा लेख.

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० चा, पॅरिसचा. बालपण मात्र ल आव्र या बंदराच्या गावी गेलं. शाळेत लक्ष नाही, वहीभर मास्तरांची व्यंगचित्रं! पुढे हीच व्यंगचित्रं तो विकायला लागला. तिथे त्याला बुदँ नावाचा चित्रकार भेटला आणि त्याने या पोराला खोलीबाहेर काढून उघड्यावर, समोर दिसेल ते रंगवायला लावलं. तेव्हापासून मोनेचा विषय एकच : प्रकाश. १८७४ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात त्याने सूर्योदयाचं एक चित्र लावलं. त्याच्या नावातला 'इंप्रेशन' शब्द पकडून एका समीक्षकाने सगळ्या कंपूची टर उडवली, आणि टिंगलीतलं तेच नाव पुढे इतिहासात कायम झालं.

गरिबी, कर्ज, १८७९ मध्ये बायको कामीयचा मृत्यू, सगळं झालं. १८८३ मध्ये तो जिव्हर्नी या खेड्यात राहायला गेला. पुढे तिथे बाग केली, तळं केलं, तळ्यात कमळं लावली. एकच गवताची गंजी सकाळी, दुपारी, संध्याकाळी, बर्फात अशी पुन्हा पुन्हा रंगवणारा हा माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याचा डोळा म्हणजे अतिशय अचूक कॅलिब्रेट केलेलं इन्स्ट्रुमेंट!

आणि नेमका तोच डोळा बिघडला. १९१२ साली डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. आदल्याच वर्षी दुसरी पत्नी आलिस गेली होती. १९१४ मध्ये थोरला मुलगा गेला. ऑपरेशनचा विषय निघाला की मोने नाही म्हणायचा. हा नुसता हट्ट नव्हता बरं का. मेरी कॅसट ही त्याच्याच वर्तुळातली चित्रकार, तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं फसली होती. आहे ती नजरही गेली तर काय, ही भीती त्या काळात अगदी खरी होती.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. बुबुळावर पडदा येतो असं लोक म्हणतात, पण गडबड आत, भिंगातच असते. भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि फिल्टरसारखं निळा-जांभळा रंग अडवतं. म्हणूनच मोनेची त्या वर्षांतली बरीच चित्रं लाल, तांबूस, विटकरी झालेली दिसतात. तळ्यावरचा हिरवा जपानी पूल ओळखू येईनासा झाला. रंगाच्या ट्यूबा तो लेबल वाचून घ्यायचा, पॅलेटवर त्यांचा क्रम ठरलेला ठेवायचा.

दहा वर्षं अशी काढली. १९२२ मध्ये उजव्या डोळ्याला जवळजवळ नुसता उजेड कळत होता, डाव्याची नजर एक दशांशाच्या आसपास. आणि फ्रान्स सरकारला कमळांची प्रचंड चित्रं द्यायचं वचन तर देऊन बसलेला! शेवटी मित्र जॉर्ज क्लेमांसोने मागे लागून त्याला तयार केलं. फ्रान्सचा हा माजी पंतप्रधान मूळचा डॉक्टर. जानेवारी १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, डॉ. शार्ल कुतेला यांनी उजव्या डोळ्यावर दोन टप्प्यांत ऑपरेशन केलं. तेव्हा काप मोठा असे. तो जुळेपर्यंत पट्टी बांधून, डोकं न हलवता उताणं पडून राहायचं. मोनेसारख्या तापट माणसाला हे कुठलं जमायला? त्याने पट्ट्या ओढायचा प्रयत्न केला. पुढे भिंगामागचं पातळ आवरण धूसर झालं आणि जुलैत पुन्हा एकदा डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

त्यानंतर चष्म्याचा छळ. भिंग काढलं पण जागेवर दुसरं बसवायची सोयच नव्हती, त्यामुळे जाडजूड भिंगाचा चष्मा. त्यातून वस्तू जवळपास पाव पटीने मोठी आणि वाकडी दिसते. एका डोळ्याला मोठं, दुसऱ्याला साधं, मेंदूने जुळवायचं कसं? फिल्टर गेल्यामुळे आता सगळं निळंच दिसायला लागलं. तो चिडला, ऑपरेशन केलं हीच चूक झाली असं त्याला वाटू लागलं. नाना प्रकारच्या काचा, रंगीत काचा, एक डोळा झाकणं असं करत करत १९२५ पर्यंत गाडी रुळावर आली. मग मात्र त्याने मोतीबिंदूच्या काळातली काही चित्रं नष्ट केली, काही दुरुस्त केली, आणि कमळांवर काम सुरू ठेवलं. डाव्या डोळ्याला शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो गेला. मे १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरीत ती कमळं लोकांसाठी खुली झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. मोनेची भीती आपल्या घरात अजून जिवंत आहे, कारणं मात्र संपलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले पर्स्पेक्सचे तुकडे डोळा सहन करतो हे हॅरॉल्ड रिडलीने पाहिलं आणि १९४९ मध्ये लंडनला त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमनने अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घ्यायची पद्धत आणली. आता काप तीन मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी येतो. मागचं आवरण धूसर झालं तर ते लेसरने काही मिनिटांत मोकळं होतं. मोतीबिंदू परत आला असं लोक म्हणतात, तो हा प्रकार.

आमची आजीही "पिकू दे, मग बघू" म्हणायची. पिकायची वाट बघायची आता गरज नाही. रोजच्या कामात अडचण व्हायला लागली की डॉक्टरांशी बोलावं. फार पिकलेला काढायला अवघड, आणि कधीकधी त्याने डोळ्यातला दाबही वाढतो. कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं हे डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून काढतात. साधं भिंग एकाच अंतरासाठी असतं, म्हणून वाचायला चष्मा लागू शकतो, हे आधीच विचारून घ्यावं. मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काचबिंदू किंवा मागच्या पडद्याचा आजार असेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर पूर्ण येत नाही. नंतर काही आठवडे थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, नजर कमी झाली किंवा अचानक ठिणग्या, काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धोका शून्य नाही, पण फार कमी आहे.

आणि हो, सुरुवातीला पांढरं फार पांढरं, निळं फार निळं वाटतं. मेंदू हळूहळू सवय करून घेतो, घाबरायचं कारण नाही. मोनेला दोन-अडीच वर्षं लागली, आपल्या माणसांना बहुतेक वेळा काही आठवडे पुरतात. पण त्या आठवड्यांत वेळेवर थेंब घालायला घरात कुणीतरी हवं. सेमिस्टर संपल्यावर आपण तसे रिकामेच असतो, तेव्हा हे काम आपणच अंगावर घ्यायला काय हरकत आहे?