दीर्घायुष्याचा शोधक मेचनिकॉफ

माणसाने शंभरी ओलांडावी म्हणून ज्यांनी आपली उत्तरायुष्याची वर्षे वेचली, त्याच शास्त्रज्ञाने ऐन उमेदीत दोनदा आपले जीवन संपविण्याचा प्रयत्न केला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. दह्यातील जंतू वार्धक्य लांबवितात ही कल्पना जगभर रुजविणारे इल्या मेचनिकॉफ ते हेच.

1845 साली आजच्या युक्रेनमधील खारकोव्हजवळ त्यांचा जन्म झाला. 1869 मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा वधू ल्युदमिला क्षयाने इतकी क्षीण झाली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालट, औषधे, पैशाची ओढाताण यांत चार वर्षे गेली आणि 1873 मध्ये ती मादेइरा बेटावर वारली. मेचनिकॉफ यांनी मॉर्फिन घेतले. मात्रा अति झाल्याने उलटी झाली व ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणास खिळली. त्यातच ओडेसा विद्यापीठातील राजकीय बेबनावाने त्यांचे मन पोखरले आणि 1881 मध्ये त्यांनी आवर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःस टोचून घेतले. मृत्यूदेखील शास्त्राच्या कामी यावा, असा हा विलक्षण हिशेब होता!

विद्यापीठ सोडून ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे 1882 मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्याला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासमवेत लाभले. 1888 पासून पॅरिसची पाश्चर संस्था हीच त्यांची कर्मभूमी झाली. ओडेसातील त्यांचे शिष्य हाफकिन हेही मागोमाग तेथे आले. 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे ते हेच हाफकिन.

मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू शरीरात विष सोडतात व म्हणून माणूस अकाली म्हातारा होतो, असे मेचनिकॉफ यांचे मत बनले. बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्यांनी तेथील आंबट दुधाला दिले आणि स्वतःही ते नेमाने पिऊ लागले. आपल्याकडे घरोघरी विरजण लावणाऱ्यांना यात नवल वाटले नसते. युरोपात मात्र दह्याची बाजारपेठच उभी राहिली. येथे मेचनिकॉफ पुराव्याच्या पुढे धावले, असेच म्हणावे लागेल. त्या विरजणातील जंतू मानवी आतड्यात कायमचे ठाण मांडीत नाहीत, हे पुढे दिसून आले. 2020 साली अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही बहुतेक पचनविकारांसाठी अशा जंतूंची शिफारस करण्याचे नाकारले.

तरीही त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या मनस्तापाने ते दोनदा मृत्यूच्या दारी गेले, त्याचा मात्र त्यांनी या मांडणीत विचार केला नाही. सततच्या ताणाने उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात, रोगप्रतिकारक ऊती आक्रसतात व जठरात व्रण पडतात, हे हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये दाखविले. 2004 साली जपानी संशोधकांना असे आढळले की जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांच्या शरीरात कोंडल्यावर ताणाची संप्रेरके अवाजवी वाढतात. बिफिडोबॅक्टेरियम जातीचा एक जंतू त्यांच्या आतड्यात वसविला की ती वाढ आवरते. माणसाच्या बाबतीत पुरावा अद्याप तोकडा आहे. पण आतडे व मन यांचा संबंध आता कोणी हसण्यावारी नेत नाही.

1914 च्या महायुद्धाने संस्थेतील तरुण सहकारी आघाडीवर गेले. मेचनिकॉफ यांचे हृदय आधीच दुबळे झाले होते. 15 जुलै 1916 रोजी, वयाच्या 71 व्या वर्षी, ते पॅरिसमध्ये निवर्तले. आपली आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी सहकाऱ्यास अखेरपर्यंत बजावले होते. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.