मैदान गेलं, पण बाई हरली नाही!

आपल्या एरियातलं मैदान बिल्डरकडे चाललंय असं उद्या कळलं, तर आपण काय करू? स्टेटस टाकू, दोन दिवस चिडचिड करू आणि विसरून जाऊ. लंडनमध्ये १८७५ साली ऑक्टाव्हिया हिलसमोर हाच प्रश्न उभा राहिला. तिने सरळ वर्गणी काढली!

ऑक्टाव्हियाचा जन्म १८३८चा, इंग्लंडमधल्या विस्बिच गावचा. वडील धान्याचे व्यापारी होते, पण त्यांचं दिवाळं निघालं. चौदाव्या वर्षीच ती लंडनमध्ये कामाला लागली. खेळणी बनवणाऱ्या गरीब मुलांवर देखरेख करणं, हे तिचं काम. ही मुलं कुठल्या कोंदट खोल्यांत राहतात, ते तिने जवळून पाहिलं. १८६५मध्ये लेखक जॉन रस्किन यांनी पैसे घातले आणि मोडकळीस आलेली तीन घरं तिच्या हवाली केली. ती घरं दुरुस्त करू लागली, भाडं स्वतः गोळा करू लागली. पण नुसतं छप्पर देऊन भागत नाही, मोकळी हवाही लागते, हे तिला पटलं होतं. पुढच्या घरांजवळ तिने मुलांसाठी खेळायची जागाही केली.

मग आला १८७५चा प्रसंग. गरीब वस्तीतली माणसं चालत जाऊ शकतील अशी स्विस कॉटेजची हिरवी शेतं बांधकामासाठी जाणार होती. ती विकत घ्यायला दहा हजार पौंड हवे होते. ऑक्टाव्हियाने पत्रं लिहिली, ओळखीपाळखीच्यांना गाठलं. काही आठवड्यांतच आठ हजारांहून जास्त जमलेसुद्धा! पण ऐन वेळी मालकाने शब्द फिरवला. शेतं गेली, तिथे घरं उभी राहिली.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही मात्र पुढच्या जागेच्या मागे लागली. लंडनच्या सदर्कमध्ये जळालेल्या कागद कारखान्याची भकास जागा होती. १८८७मध्ये देणग्यांच्या जोरावर तिथे रेड क्रॉस गार्डन फुललं. तळं, फुलांचे वाफे, मुलांना खेळायला जागा, सगळं काही! ही बाग आजही आहे आणि एक स्थानिक संस्था स्वयंसेवकांना सोबत घेऊन ती सांभाळते.

पण दान देऊन घेतलेली जमीन पुढे कुणी विकलीच तर? त्यावरही तिने उपाय काढला. वकील रॉबर्ट हंटर आणि धर्मगुरू हार्डविक रॉन्सली यांच्यासोबत १८९५मध्ये तिने नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. लोकांच्या वतीने जमीन सांभाळणारी संस्था! वेल्समधल्या बारमथजवळच्या टेकडीवरची पाचेक एकर जागा फॅनी टॅलबट या बाईंनी दिली. ट्रस्टची ही पहिली जमीन. १९०७च्या कायद्याने तर ट्रस्टला आपली जमीन कधीच विकता येणार नाही, असं जाहीर करण्याची सोय झाली.

१९०२मध्ये डर्वेंटवॉटर तलावाकाठचं १०८ एकरांचं ब्रँडलहाउ वाचवायला साडेसहा हजार पौंड हवे होते. मुदत सहा महिन्यांची. पैसे पाच महिन्यांतच जमले! त्यात श्रीमंतांच्या मोठ्या रकमा होत्या, तशी कारखान्यातल्या कामगारांनी पाठवलेली चिल्लरही होती.

ऑक्टाव्हिया १९१२मध्ये गेली. तिचं गणित मात्र साधं होतं. थोडं थोडं द्या, पण अनेकांनी द्या, वेळेत द्या, आणि ते कुणाच्या ताब्यात जातंय ते पक्कं करून द्या. आपल्या कॉलनीतल्या बागेलाही हेच लागू आहे की! पिझ्झ्याचे पैसे एका रोपाला द्या, हिशेब मागा, पावती घ्या. खिसा रिकामा असेल तर रविवारची सकाळ द्या. तेही दानच आहे.